पान चारवरचा तांब्या

माझी आई कोयनानगरच्या शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायची आणि मुलांसाठी गोष्टी लिहायची. सगळी कॉलनी तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. बाई गोड स्वभावाची वगैरे अजिबात नव्हती. बालसाहित्यिक म्हटलं की लोकांना साखरेची बाहुली दिसते. आमच्याकडे शिस्तीचा बडगा होता, आणि त्याचा सगळ्यात जास्त मार तिच्या स्वतःच्या गोष्टींना बसायचा.

शनिवारी शेवटच्या तासाला ती नवी गोष्ट वर्गात वाचायची. ती आपण लिहिली आहे हे सांगायचं नाही, कारण कळलं की पोरं भिडेखातर गप्प बसतात. वाचताना एखादं पोर "बाई, पाणी पिऊन येऊ?" म्हणालं की ती त्याला खुशाल जाऊ द्यायची आणि निळ्या पेन्सिलीनं समासात एक छोटा तांब्या काढायची. तांब्यापासून पुढचं सगळं रद्द. घरी येऊन ते नव्यानं लिहायचं, नाहीतर गोष्ट सोडून द्यायची.

एकदा वाचन रंगात आलं असताना भूकंपाचा हलका धक्का बसला. खिडक्या खडखडल्या. बाई सगळ्यांना मैदानात काढायला लागली, तर दारातच एक पोरगी अडून बसली, "आवं बाई, आदी सांगा, अस्वल घावलं का न्हाई?" पुढे कोणी पुरस्काराचा विषय काढला की बाई म्हणायची, "मला मिळालाय की, वर्गाच्या दारात."

निवृत्तीनंतर ती माझ्याकडे सांगलीला आली. शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होती, तरी उशीखाली वही होती. ती गेली तेव्हा त्या वहीत एक पूर्ण गोष्ट निघाली. मी वही तशीच, पानाला पान ठेवून, टाइप करायला दिली. प्रकाशकांना वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक काढायचं होतं. मलाही ते हवं होतं, तिचं शेवटचं पुस्तक माझ्या हातून व्हावं असं फार वाटत होतं. पण वर्गातल्या परीक्षेशिवाय छापायचं म्हणजे तिचीच लेक होऊन चोरी करण्यासारखं झालं असतं. म्हणून टाइप केलेली प्रत घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या एका शाळेत गेले. तिथल्या शिक्षिका ओळखीच्या होत्या, त्यांनी तिसरीचा एक तास मला दिला.

वाचण्याआधी "ही माझ्या आईची गोष्ट" असं सांगायचा मोह झाला. तोंड दाबून धरलं आणि वाचायला लागले. पहिली तीन पानं मस्त गेली. चौथ्या पानावर गोष्टीतलं कासव उपदेश करायला लागलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, पाणी पिऊन येऊ?" त्याच्यामागे आणखी चौघं उठली. राहिलेल्यांतली एक मुलगी मला धीर देत म्हणाली, "वाचा तुमी. फुडं काय व्हतंय ते म्हाईत हाय आमास्नी."

घरी आले ती चिडूनच. पोरांवर, कासवावर, बाईवरही. तिनं हे असं कसं लिहिलं म्हणून मूळ वही काढून चौथं पान उघडलं. समासात निळा तांब्या होता.

मला कळेचना. अंथरुणाला खिळलेल्या बाईनं ही गोष्ट वाचून दाखवली तरी कोणाला? मग आठवलं. एका सकाळी ती मला काहीतरी वाचून दाखवत होती. मी तिच्या पायाशी बसले होते. मध्येच "कुकर झाला गं," म्हणून मी उठले. दोनच शिट्ट्या झाल्या होत्या. आमच्याकडे तीन लागतात, हे तिलाही माहीत होतं. ती उशाशी पेन्सिल शोधत होती.

त्या वहीवर मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना पुस्तक नको म्हणून कळवलं. ते म्हणाले, "अहो, बाईंना बरं वाटलं असतं." मी म्हटलं, "बाईनंच नापास केलीय."

ती गोष्ट चौथ्या पानापासून कंटाळवाणी आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पण तिसरी शिट्टी होईपर्यंत मी बसायला हवं होतं.