ओठांत सहा टाचण्या

शिवणवाल्या आजींनी साठी ओलांडल्यावर स्पॅनिश शिकायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी तोंडात बोटं घातली. कारण साधं होतं. परदेशी सुनेची चार वर्षांची लेक तेवढी एकच भाषा बोलायची, आणि ती पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार होती. नात आपल्याला परकी समजूनच परत जाईल, या धास्तीनं आजींना घास गोड लागेना.

पण त्या भाषेतली क्रियापदं म्हणजे एकेक बहुरूपी! 'येबार' म्हणजे नेणं, आणि कपडे अंगावर असणंही. 'केरेर' म्हणजे हवं असणं, आणि जीव लावणंही.

"एकेका शब्दानं किती घरची कामं करायची?" आजी फोनवर मुलाकडे करवादायच्या.

"आई, नुसत्या शब्दाला धरून बसू नकोस. बोलणारा काय करतोय ते बघ."

पटायचं त्यांना. माणूस पाहिल्याशिवाय त्यांनी तरी कधी कापड बेतलं होतं? तरीही त्या वहीत अर्थ उतरवत राहिल्या. दुपारी मशीन थांबवून डोळे मिटले की ते शब्द उन्हातल्या तंतूंसारखे खोलीभर तरंगत राहायचे.

मुलानं नातीला आणून सोडलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला. ती काही बोलली की आजी चष्मा शोधायच्या, वही उघडायच्या आणि मान वर करेपर्यंत पोरगी पसार! चार दिवस असेच गेले. आजींना आता रडू कोसळायचंच बाकी होतं.

पाचव्या दुपारी त्या एका कोटाला अस्तर टाचत होत्या. ओठांत सहा टाचण्या, दोन्ही हात अडकलेले. नात दारातून डोकावली. आजी उठत नाहीत, वही काढत नाहीत, हे पाहून हळूच आत आली. निळी चिंधी उचलून 'केरेर'मधलं काहीतरी म्हणाली. हवीय होय? आजींनी मान डोलावली. चिंधी डोक्याला गुंडाळून ती आरशापुढे मिरवली, 'येबार' म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. निम्मं आजींच्या डोक्यावरून गेलं. पण तिच्या गोष्टीतलं मांजर कोणतं, रुसवा कोणाशी, हे तिच्या हातवाऱ्यांतून उमगत गेलं. ऊन खिडकीतून टेबलावर सरकलं, तिथून जमिनीवर उतरलं.

शेवटी तिनं जांभई दिली, डोळे चोळले, पलंगाकडे बोट करून पुन्हा 'येबार' म्हटलं आणि दोन्ही हात वर केले.

आजींनी भराभर टाचण्या काढल्या. शिकलेलं सगळं स्पॅनिश त्या पार विसरल्या.

"ये गं माझ्या सोन्या, ये."

मराठीचं अक्षर न कळणारी ती पोर थेट कुशीत शिरली आणि खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिला पलंगावर ठेवायला आजी संध्याकाळपर्यंत काही धजल्या नाहीत.