कमळाकर पेंटरची डाळिंबी

पनवेलला उरण नाक्यावर जगनचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागच्या बोळात कमळाकर पेंटर राहायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, सायकलींच्या फ्रेमा, मिळेल ते तो रंगवी. पण त्याचं नाव झालं होतं ते जुन्या मोटारसायकलींचा मूळ रंग जुळवण्यात. पार पेणहून, खोपोलीहून गाड्या येत आणि जगन छाती पुढे काढून सांगे, "रंगाचं माझ्याकडे बघू नका, मागे कमळाकर आहे. त्याचा डोळा म्हणजे डोळा!"

जुन्या गाडीचा मूळ रंग वरून दिसत नाही. उन्हापावसानं तो विटलेला असतो. कमळाकर सीट काढी, टाकीवरचं रबर उचकटी आणि जिथं कधी उजेड पोचलाच नाही अशी टीचभर जागा शोधून काढी. मग डब्यांतले रंग चमच्याचमच्याने मिसळून पत्र्याच्या पट्टीवर एक फराटा मारायचा, तो सावलीत पुरता वाळू द्यायचा (ओला रंग नेहमी खोटं बोलतो) आणि सकाळी दहाच्या सुमारास, परसदारी, उजेड मऊ असताना पट्टी त्या जागेला लावून बघायची.

त्या वेळी त्याची बायको वेणू हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येई. "अहो, जरा कोकम जास्त झालंय," असं काहीतरी म्हणे, नाहीतर "हळद कमी पडली." तिला रंगांची नावं माहीत नव्हती, सगळं फोडणीच्या भाषेत. कमळाकर हसे आणि पुढच्या पट्टीत थेंबभर इकडचं तिकडे करी. ती "हां, आता झालं" म्हणाली की तो ब्रश हातात घेई. बाईमाणसाचं मन राखायला आपण तिला विचारतो, अशी त्याची समजूत होती. गॅरेजात त्यानं वेणूचं नाव कधी काढलं नाही. कशाला काढील? घरचं माणूस.

मूलबाळ नव्हतं. सत्तावन्न सालच्या श्रावणात वेणू चार दिवसांच्या तापानं गेली. पुढं वर्षभर जगनकडे रंग जुळवायचं काम आलंच नाही, पाट्या आणि नंबर तेवढे झाले. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून कमळाकर अक्षरं रंगवताना ती मोठ्यानं वाची. "मा-ल-वा-ह-तू-क." शेजारी म्हणत, पेंटरनं फारच मनाला लावून घेतलंय.

अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात ओव्हरसियर पोतनीसांची मोटारसायकल आली. लढाईच्या आधीची विलायती गाडी, एका साहेबानं जाताना विकलेली. पोतनीस शिस्तीचे गृहस्थ. "कमळाकर, मला नवा रंग नको. कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती, तशीच हवी. बेलापूरला एकाला दाखवली, त्यानं वीटच करून ठेवली असती."

टाकीच्या बाजूला गुडघे टेकायला रबरी गादी होती. ती काढल्यावर खाली बोटाएवढा मूळ रंग निघाला. पोतनीस वाकून बघत म्हणाले, "वा! अगदी डाळिंबी."

कमळाकरला हुरूप आला. वर्षानं हाताला खरं काम लागलं होतं. त्यानं लाल घेतला, काळा घेतला, आणि लालाचा भडकपणा मारायला हिरव्याचे थेंब टाकत गेला. ती युक्ती सगळ्याच रंगाऱ्यांना ठाऊक असते. एक थेंब, दोन, पाच. सातव्या पट्टीवर रंग तंतोतंत बसला. दाराकडे एकदा त्याची मान वळली, मग पुन्हा कामाकडे. त्यानं ती बोटाएवढी जागा खुणेला तशीच ठेवून सगळी गाडी रंगवली. दोन हात दिले, घासली, चमकवली.

गाडी गॅरेजात नेली तेव्हा जगन स्टोव्हवर चहा करत होता. त्यानं गाडीकडे बघितलं आणि गाळणं हातातच राहिलं.

"कमळ्या, हे काय रे? चिंचेचा कोळ फासलास काय?"

"थट्टा पुरे. रबर काढून बघ."

"थट्टा? अरे, शेवाळ धरलेला रांजण दिसतोय हा!"

तेवढ्यात पोतनीस आले. ते ओरडले नाहीत. रबरी गादी बाजूला करून त्यांनी कमळाकरचा हात धरला आणि बोट टेकवलं. "हे लाल आहे. आणि त्याच्या शेजारचं, तुम्ही लावलेलं, हे चिखलाचं. बघा ना तुम्हीच."

कमळाकर बघत राहिला. मान तिरकी केली, डोळे बारीक केले, उजेडाकडे सरकला. त्याला दोन्हीकडे एकच रंग दिसत होता.

"वाळताना बिघडला असेल," तो पुटपुटला. "रविवारपर्यंत करून देतो."

"रविवारी नाही झालं तर मी मुंबईला टाकतो," पोतनीस म्हणाले. जगन मात्र चहा द्यायचं विसरला.

घरी येऊन तो परसदारी बसून राहिला. तेवढ्यात मैना कोळीण पाटी घेऊन दारात आली. वेणूची ती जुनी ओळखीची.

"काका, कालची सुरमई कशी लागली?"

"कडवट. माझ्या हाताला चवच नाही."

"हाताला काय झालाय! बाजारात त्या म्हातारीनं तुमाला शिळी दिली. मी लांबून बघत हुती. तुमी कल्ले उचलून बघितलं नि मान डोलवली. काळपट कल्ले, नि तुमी मान डोलवता! काकी नसती फसली."

कमळाकरनं तिच्याकडे बघितलं. मग उठून पोतनीसांच्या गाडीच्या टूल-बॉक्सचं, वाळायला घरीच राहिलेलं झाकण आणलं. आत मूळ रंगाचा एक ठिपका होता, बाहेर त्यानं लावलेला. "मैना, हे दोन सारखे आहेत?"

"येक कल्ल्यासारका ताजा लाल. दुसरा चिखल. आंधला बी सांगंल, काका." आणि त्याचा चेहरा बघून तिनं पाटी खाली ठेवली. "काय झाला?"

तो झाकण घेऊन पायरीवर बसला. त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षाची संक्रांत आठवत होती. त्यानं हौसेनं हिरव्या म्हणून बांगड्या आणल्या होत्या. वेणूनं पुडी उघडली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "माप जरा मोठं आहे, मी बदलून आणते." दुसऱ्या दिवशी तिनं बदललेल्या बांगड्या हातात घालून दाखवल्या. त्याला त्या तशाच वाटल्या होत्या. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा हात पुसत परसदारात येऊन उभी राहिली होती, पट्टी बघायला. सव्वीस वर्षं. एकदाही म्हणाली नाही.

कुणाला विचारायचं, तुला कधी कळलं? आणि हसलीस की रडलीस?

तीन दिवस मैना बाजाराला जाताना थांबली. कमळाकरनं पट्ट्यांवर पेन्सिलीनं आकडे टाकले. "अजून चिखल हाय." "आता लय भडक, लगनातला." "ह्यो बरा, पन जरा जुना व्हऊ दे." अकराव्या पट्टीला ती म्हणाली, "ह्यो बसला. आता मला सोडा, काका, माजी पाटी उन्हात हाय. हा काय रोजचा धंदा नाय माजा." तिचं खरंच होतं.

रविवारी पोतनीसांनी रबर काढून, चष्मा काढून, चष्मा घालून बघितलं. जोड कुठं आहे ते त्यांना सापडेना. जगननं कमळाकरच्या पाठीत थाप मारली. "डोळा म्हणजे डोळा! मधे जरा धूळ गेली होती, एवढंच."

कमळाकर म्हणाला, "जगन, डोळा माझा नाही. कधीच नव्हता. वेणू सांगायची. तांबडं आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही."

मग पोतनीसांनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं होतं हो माणूस गेल्यावर. आमची थोरली बहीण गेली तेव्हा आमचे मेहुणेही असंच काहीबाही बोलायचे."

"नाही, साहेब, खरोखरीच दिसत नाही."

"बस रे, चहा घे," जगन म्हणाला. त्यानं कपबशी पुढे केली. "वहिनीच्या हातचा नाही, पण घे. आणि ऐक, पेणहून एक हिरवी गाडी येतेय. ती तुझीच."

"मला नको. मुंबईला पाठव."

"पाठवतो बरं! कमळ्या, तू पण ना..."

त्यानं पुन्हा समजावलं नाही. चहा घेतला, बशी पालथी घातली. पोतनीसांनी किक मारली आणि गाडी नाक्यावरून वडाळे तळ्याच्या बाजूला निघाली. पानवाला बाहेर आला, टांगेवाल्यांनी माना वळवल्या. "काय झळकतेय रे!" कुणीतरी म्हणालं.

कमळाकरही बघत होता. उन्हात एक गाडी लहान लहान होत चालली होती. एवढंच.