खटकमामांची पक्की जाळी

कारखान्यात त्यांना सगळे खटकमामा म्हणत. पायाखालचा खटका दाबून तारेला तार चिकटवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्यांचं बोलणं कुणाला ना कुणाला खटकायचंच.

खिडक्यांच्या, कुंपणाच्या, खुराड्यांच्या अशा सगळ्या जाळ्या त्यांच्या हाताखालून जात. आडव्या तारेवर उभी तार ठेवायची, खटका दाबायचा, वरून तांब्याचा दांडा खाली येणार, ठिणगी उडणार आणि सांधा पक्का. "माझ्या हातचा सांधा सुटणार नाही, तार तुटली तर तुटेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते न्हाव्याने ऐकलं होतं, डॉक्टरांनी ऐकलं होतं, अनोळखी लोकांनीही ऐकलं होतं. घरी त्यांनी नुसतं "माझ्या हातचा" म्हटलं, की बायको पोळपाटावरून मान वर न करता उरलेलं वाक्य पुरं करायची.

मग धाकट्या मालकांनी आपोआप चालणारं यंत्र आणलं. अख्खी ओळ एका दणक्यात जोडणारं. ते उतरवलं जात असताना मामा पाठ फिरवून उभे राहिले.

"मी त्याला हात लावणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

"लावूच नका," मालक म्हणाले. "चालू असताना त्याच्या जवळ कुणीच जायचं नाही. म्हणून तर भोवती जाळीची खोली हवीय. ती तुमच्याशिवाय कोण करणार?"

मामांना कळेना, हा मान आहे की कुचेष्टा. पण जाळीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जुन्या यंत्रावर बसून त्यांनी इतक्या रागाने काम केलं की तसं प्रेमाने कधी केलं नसेल. जाळीची घरं एवढी बारीक, की करंगळी जाऊ नये. चारी बाजू जमिनीला टेकलेल्या, आणि वर छतसुद्धा जाळीचंच. दाराला स्प्रिंग लावली, म्हणजे ते आपलं आपण मिटेल. कुलूप असं, की दार मिटलं की बसलंच, आणि उघडायचं फक्त बाहेरून.

"आतून उघडायची काही सोय?" मालकांनी विचारलं.

"आत कोण बिऱ्हाड करणार आहे?" मामा म्हणाले. विषय संपला.

यंत्र सुरू करायच्या दिवशी कामगारांच्या घरची माणसंही बोलावली होती. मामांची बायको नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीवर बसली होती. मालकांनी फीत कापली, कुलूप उघडलं, किल्ली खिशात टाकली आणि यंत्राशेजारी फोटो काढून घ्यायला आत शिरले. मागे स्प्रिंगने आपलं काम चोख केलं. दार मिटलं. कुलूप बसलं.

आधी सगळे हसले, मालकसुद्धा. "ही घ्या किल्ली," म्हणत ते जाळीशी आले. किल्लीचा दांडा बाहेर आला, पण डोकं येईना. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. खालून सरकवावी तर फट नाही. वरून टाकावी तर छत. दुसरी किल्ली होती मालकांच्या घरी, आणि घराला कुलूप लावून घरची सगळी मंडळी इथे टाळ्या वाजवायला आलेली. घराची किल्लीही मालकांच्याच खिशात, तेवढ्याच मोठ्या डोक्याची.

मग पकडी आल्या, पहारी आल्या, हातोडे आले. दोघातिघांनी मिळून जोर लावला. तारा वाकल्या, पण सांधा एकही सुटला नाही. प्रत्येक घावाला मामांची छाती फुगत होती आणि आत मालकांचा सदरा घामाने चिकटत होता.

"मामा, एखादा तरी सांधा कच्चा ठेवायचा होता हो!" मालक आतून ओरडले.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलंत," मामा म्हणाले, "तेही आतून."

कापण्याचं यंत्र कुणीतरी त्यांच्या हातात दिलं. ते जागचे हलेनात. तेव्हा खुर्चीवरून बायको उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, कापा आता. सुटत नाही हे पटलं सगळ्यांना."

मामांनी कापलं. डोळ्यांवरचा चष्मा काळा होता म्हणून बरं, नाहीतर ठिणग्यांचं निमित्त सांगावं लागलं असतं. मालक बाहेर आले, गटागटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्यापासून हे यंत्र तुम्हीच चालवा. तुम्हाला बाहेर मोकळं सोडणं परवडायचं नाही मला."

अशा रीतीने ज्याला हात लावणार नव्हते, त्याचेच मामा रखवालदार झाले. बटण दाबायचं आणि बघत बसायचं. आतून उघडणारी कडी त्यांनी गुपचूप पहिल्याच दिवशी बसवली. पण यंत्राची खोड काही सापडेना. तयार जाळी बाहेर आली की ते हातोडी घेऊन सांधे ठोकून बघत, एखादा तरी निसटावा म्हणून. निसटत नव्हता. रोज घरी येऊन यंत्राला नावं ठेवायची, तर ठेवायला काही मिळेना. उपाशी माणसासारखी त्यांची दशा झाली.

आणि एका सकाळी सांधा सुटला. एक नाही, अख्खी ओळ. मामा जाळीचा तुकडा उंच धरून सगळ्या कारखान्यात फिरले. "बघा! बघा तुमचं यंत्र!" मालकही काम टाकून आले. पत्रे काढले, आत डोकावले, कुठेच बिघाड दिसेना. सगळे परत गेल्यावर मामांचं लक्ष तारेच्या रिळाकडे गेलं. मुलामा दिलेल्या तारेचं ते रीळ यंत्राला चालणारं नव्हतं, आणि सकाळी ते चढवलं होतं त्यांनीच.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रीळ बदललं आणि तो तुकडा भंगाराच्या ढिगात खोल दाबून टाकला. यंत्र पुन्हा मुकाट चालू लागलं. त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. मामा खाली मान घालून जेवू लागले.

"काय हो, यंत्राने आज काही केलं नाही वाटतं?"

"तसं वाईट नाही ते," मामा म्हणाले. "स्वभावाने चांगलं आहे."