शकूआत्याच्या वाटणीचा पत्रा

फोन आला तेव्हा मी शिरूरच्या स्टँडवर चौफुल्याच्या गाडीची वाट बघत होते आणि गाडी नेहमीप्रमाणे आलेली नव्हती. फोन वडिलांचा होता. "शकाक्का गेली गं..." एवढंच म्हणाले. माझी आत्या, शकुंतला, दुपारी जेवून खाटेवर कलंडली ती उठलीच नाही. मला आधी रडू आलं नाही. आधी डोक्यात आलं की चौफुल्याला न्यायला आता कोण येणार? शिरूरहून खुटबावला जायचं म्हणजे चौफुल्यापर्यंत एसटी आणि तिथून पुढे शकूआत्याची व्हॅन, हे इतकी वर्षं ठरून गेलेलं होतं. त्या दिवशी गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवरून मी वस्तीत पोचले. मांडव घातला होता, माणसं जमली होती आणि मांडवाला जागा व्हावी म्हणून कुणीतरी व्हॅन हलवून भिंतीकडे तोंड करून लावली होती. काय झालं ते मला तिथे कळलं. व्हॅन कधीच तशी उभी नसायची.

कारण आत्याला रिव्हर्स जमत नसे. पंचेचाळिशीच्या पुढे ती गाडी शिकली, पुढे जायला शिकली आणि तिथेच थांबली. दौंडच्या बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुठेही गेली तरी बाहेर पडायच्या बाजूला तोंड करूनच गाडी लावायची. कधी अडकलीच तर आतल्या सगळ्यांना उतरवून गाडी मागे ढकलायला लावायची आणि स्वतः स्टेअरिंग धरून ऐटीत बसायची. "मग लायसनच्या परीक्षेत रिव्हर्स कसा घेतलास?" असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "साहेब चहा पीत हुता."

ही व्हॅन म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त चारचाकींपैकी एक. सरकता दरवाजा, पातळ पत्रा, गॅसवर चालणारी, डब्याला चाकं लावावीत तशी दिसणारी. वस्तीतल्या चार घरांनी मिळून ती नवी घेतली होती. आत्या दौंडला रेल्वेत नोकरीला होती. पगाराची चिठ्ठी तिच्या एकटीकडे, म्हणून कर्ज तिच्या नावावर आणि गाडीही तिच्या नावावर. बाकीची तीन घरं म्हणजे आमचं, भाजीचा धंदा करणाऱ्या पार्वतीबाईंचं आणि वामनतात्यांचं. हप्ते फिटले. पण गाडी घेणं सोपं असतं, पाळणं अवघड, आणि त्या पाळण्याची त्यांनी जी रीत काढली तिच्याबद्दलचं माझं कुतूहल आजही फिटलेलं नाही. त्यांनी खर्च वाटून घेतला नाही, गाडी वाटून घेतली. टायर पार्वतीबाईंचे. बॅटरी आणि दिवे वामनतात्यांचे. ब्रेक आणि क्लच आमच्या घराचे. पत्रा आणि कागदपत्रं आत्याची. इंजिन सगळ्यांचं आणि गॅस जो बसेल त्याचा. ज्याचा भाग बिघडेल त्याने तो दुरुस्त करून आणायचा, मग तो महाग पडो की स्वस्त. त्यावरून वस्तीत घरांना नावंच पडली. पार्वतीबाईंच्या सुनेला लग्नानंतर पहिली दोन वर्षं 'टायरवाल्यांची सून' म्हणत. तिच्या सासऱ्यांचं टायरचं दुकान आहे असं तिच्या माहेरी वाटत होतं म्हणे.

यातून भांडणं किती व्हायची! प्रत्येक जण गाडीत आपला भाग घेऊनच बसलेला असायचा. खड्डा आला की पार्वतीबाई ओरडायच्या, "शकू, दिसतुय का न्हाई तुला? का माझं टायर म्हणून घालतीस?" आत्या तितक्याच जोरात म्हणायची, "आन् तुझ्या शेपूच्या जुड्या रोज माझ्या पत्र्यावर पाणी सांडत्यात, त्याचं काय? तुझ्या शेपूनं माझा पत्रा खाल्ला!" पुढे बसलेले माझे वडील दोघींकडे लक्ष न देता आत्याच्या पायाकडे बघत असायचे. "आक्का, क्लचवरनं पाय काढ. आक्का, काढ की गं!" तात्या मागून सांगायचे की दिवसाढवळ्या दिवा कुणी लावलाय. मी लहानपणी या सगळ्यांच्या मधे दाबून बसलेली असे आणि मला वाटे, गाडी म्हणजे अशीच असते, चौघं चार बाजूंनी ओरडल्याशिवाय ती चालत नाही. पुढे शिरूरला नोकरी लागल्यावर ओळखीच्यांच्या मोठ्या, गारेगार गाड्या बघितल्या. चार-पाच वर्षांत त्या विकून लोक नव्या घेतात. आमचा डबा मात्र उन्हाळ्यात तापत, थंडीत गॅसवर चालू व्हायला कुरकुरत, दरवाजा अडकवत, पंधरा वर्षं धावत राहिला.

माझं आणि आत्याचं या गाडीवरून जोरात वाजायचं. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तिकांचा गठ्ठा होता. मेळाव्यांच्या स्टॉलवरून वडिलांनी आणलेल्या त्या पातळ, पिनांच्या पुस्तिका वाचूनच मी बोलायला शिकले. कॉलेजात असताना मीही एक पत्रक काढलं. एसटी हा आपला हक्क आहे, गाव तिथे बस मिळालीच पाहिजे, आणि खाजगी गाडी घेणारा माणूस नकळत सरकारची सुटका करतो, असं ठणकावून लिहिलं होतं. आत्याने ते अंगणात बसून सगळं वाचलं. मला वाटलं चिडेल. तिने चष्मा काढला आणि विचारलं, "हे वाटायचं कुठं?"

"दौंडला. तहसील कचेरीपुढे."

"जाणार कशानं?"

दुसऱ्या दिवशी सगळे गठ्ठे व्हॅनच्या मागच्या सीटवर, मी पुढे, अशी आम्ही खाजगी गाडीविरुद्धची पत्रकं खाजगी गाडीतून वाटायला गेलो. आत्याने माझ्यापेक्षा जास्त वाटली. माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. बस मिळायला हवी, ती रोज आणि वेळेवर मिळायला हवी. आत्याचंही तेच म्हणणं होतं. फक्त मधल्या काळात तात्यांना दवाखान्यात न्यायचं होतं.

वामनतात्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस. आत्या निवृत्त झाल्यावर हे तिचं कामच होऊन बसलं. ती त्यांना घेऊन जायची, मशीन चालू असेपर्यंत बाहेर बसायची आणि संपल्यावर धरून गाडीत घालायची.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि मी दोन-चार दिवस गावातच राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता की ही वाटणी केली कुणी? पत्रा आत्याकडेच का गेला? लहानपणी सगळे म्हणत की शकूने सोपं तेवढं घेतलं, पत्र्याला काय लागतंय. मी वडिलांना विचारलं. ते ओसरीवर बसले होते, थोडे हसले. म्हणाले, "आम्ही समद्यांनी आपापलं उचललं. पत्रा कुणी घेईना. टायर झिजलं की दिसतं, बॅटरी बसली की गाडीच उभी ऱ्हाती. पत्र्याचं तसं न्हाई. आतनं गंजत जातो. आज बघितलं न्हाई तरी चालतंय, उद्याबी चालतंय. मग आक्का म्हणली, ज्याचा दिवस कळत न्हाई ते मला द्या."

हे ऐकल्यापासून मी त्यावरच विचार करते आहे. अशा स्वस्त गाड्यांचं इंजिन साधं असतं, ते कुठलाही मेस्त्री उघडून बसवतो. त्या मरतात त्या गंजून. ज्या खर्चाला ठरलेला दिवस नाही तो माणूस पुढे ढकलतो. सरकार तर हमखास ढकलतं... पूल, शाळेची छपरं, दवाखान्यातली यंत्रं, सगळं असंच आतून खाल्लं जातं आणि एक दिवस बातमी होते. 'ज्याचा दिवस कळत न्हाई ते मला द्या' हे वाक्य माझ्या कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. ते आत्याने पंधरा वर्षांपूर्वी, एका डबा गाडीपुढे उभं राहून म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी सचिनदादा पुन्हा आला. हा आत्याचा एकुलता मुलगा. रांजणगावला कंपनीत आहे, शिरूरला राहतो. बरोबर भंगाराचा व्यापारी होता. दादा वाईट माणूस नाही, हिशेबी आहे. "मामा," तो वडिलांना म्हणाला, "गाडी आईच्या नावावर, आता वारस मी. पंधरा वर्षं भरत आलीत. नाव बदला, फिटनेस करा, गॅसची टाकी तपासा, पत्रा मारून घ्या... गाडीपेक्षा कागदच महाग पडतील. त्यापेक्षा तात्यांना रिक्षा लावू. मी देतो पैसे."

"रिक्षावाला थांबंल व्हय रं मशीन संपस्तवर?" तात्या म्हणाले. "उठल्यावर माझं पाय माझं नसत्यात. तुझी आई मला पोत्यागत उचलून आत घालायची."

दादाने तरीही व्यापाऱ्याला गाडी दाखवायला सुरुवात केली. तेवढ्यात पार्वतीबाई जॅक आणि पाना घेऊन आल्या आणि मागच्या चाकाशी बैठक मारून बसल्या.

"मावशी, काय करताय?"

"गाडी तुझी हाय. ने बाबा. टायर माझं हायत, तेवढं काढून घेते."

तात्या खाटेवरूनच म्हणाले, "बॅटरी माझी. हळू काढा, नवी हाय." वडील डोकं खाजवत म्हणाले, "क्लच काढायचा म्हंजी इंजिन खाली घ्यावं लागंल. थांब, मेस्त्रीला फोन लावतो."

व्यापारी हसायला लागला. "मग मी न्यायचं काय?"

"पत्रा," पार्वतीबाई म्हणाल्या. "तेवढाच त्याच्या आईचा."

दादा लाल झाला. "असं नसतं, मावशी! कायद्यानं..."

"कायद्यानं गाडी दादाचीच आहे," मी म्हणाले. ते खरं होतं आणि खरं आपल्या सोयीचं नसलं तरी बोलायचं असतं, असं मला वाटतं.

"तुला कुणी इचारलं गं?" पार्वतीबाई म्हणाल्या.

मग दादाने रागारागाने दरवाजा सरकवला, तो अडकला, त्याने दोन्ही हातांनी ओढला आणि आतली रबरी चटई उचलून बाजूला फेकली. बहुधा गाडी किती सडली आहे हे आम्हाला दाखवायचं होतं. पण तळाला भोक नव्हतं. ठिगळं होती. ठिगळावर ठिगळ, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. विहाराला दिलेल्या रंगातला उरलेला निळा, आमच्या खिडक्यांचा हिरवा, पंचायतीच्या पाण्याच्या टाकीचा राखाडी. दादा वाकून बघत राहिला. त्याने एका ठिगळावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या आईनं," वडील म्हणाले. "दर पावसाळ्याच्या आधी. मोठं भोक असलं तर कासुर्डीला वेल्डिंग मारून आणायची, बाकी घरीच."

"मला कधी बोलली नाही."

"तू कवा खाली बघितलंस?" पार्वतीबाई म्हणाल्या, पण पाना त्यांनी खाली ठेवला होता.

दादाने व्यापाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. नाव बदलायचा अर्ज आता दिलेला आहे. फिटनेसला गाडी पास होईल की नाही, मला माहीत नाही. पुढची पाच वर्षं ही गाडी हिशेबात परवडेल असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. सध्या तात्यांना वडील नेतात आणि त्यांना रिव्हर्स येतो.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा गाडीखालून दादाचे पाय दिसत होते. शेजारी रंगाचा डबा. "प्रज्ञा," तो खालून ओरडला, "आई हा गंज कशानं काढायची गं?"

मला माहीत नव्हतं. मी ते कधीच विचारलं नव्हतं. "पॉलिश पेपरनं," तात्या म्हणाले. "डिझेलचा बोळा फिरवायची," वडील म्हणाले. पार्वतीबाई ओट्यावरून ओरडल्या की दोघांना काही कळत नाही, शकू भांडी घासायची तारेची घासणी वापरायची, ती पण पार्वतीबाईंच्याच घरातली, न विचारता नेलेली. भांडण लागलं. खालून दादा म्हणाला, "एक काय ते ठरवा!" ठरेना, तेव्हा मी तिन्ही वस्तू गोळा करून त्याच्या हातात दिल्या.

त्याने आधी बोळा फिरवला. आवाज काहीच आला नाही. मग पॉलिश पेपर. नुसती खसखस. मग त्याने घासणी घेतली आणि गाडीखालून तो दर पावसाळ्याआधीचा कर्कश, दात शिवशिवणारा, थांबून थांबून येणारा आवाज यायला लागला. तात्यांनी डोळे मिटले होते.

"व्हय," पार्वतीबाई म्हणाल्या. "आता बरुबर."