शेवटचं पान ती स्वतः आणायची

वत्सला गेल्याचं कळलं तेव्हा तिची कथा, शेवटचं पान सोडून, आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून तयार होती. धुळ्याहून तिच्या भाचीचा फोन आला, "भाऊ, मावशी गेली... सकाळी, शाळेत निघताना." फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो लाजिरवाणाच होता : आता शेवटचं पान कोण आणणार? संपादकाची जात, दुसरं काय!

या पानाचं सांगायला हवं, कारण त्याचं मूळ मीच. जळगावातून मी एक दिवाळी अंक काढतो. वत्सलाच्या कविता आधी छापल्या होत्या... नवऱ्याचा मार खाऊन शिरपूरकडचं सासर सोडणं, धुळ्यातली भाड्याची खोली आणि शिक्षिकेची नोकरी, शाळेच्या कागदांवर नवऱ्याचं नाव लिहिताना अडणारा हात. सगळं स्वतःचं, पण रडगाणं कुठेच नाही. मग पंधराएक वर्षांपूर्वी तिने पहिली कथा पाठवली. तिच्या शेवटी नवरा दारात येतो आणि बाई आतून कडी लावते. मला वाटलं, सणासुदीचा अंक, वाचक हिरमुसतील. तिला न विचारता मी दोन ओळी बदलल्या. दार उघडलं, बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. काय शहाणपणा केला म्हणून स्वतःवर खूशही झालो.

दिवाळीनंतर तिचा नवरा खरोखरच धुळ्याला आला, हातात आमचा अंक घेऊन. तूच लिहिलंस ना, मग चल, असं त्याचं म्हणणं. गल्लीतली माणसं जमली, तीही त्याच्याच बाजूची. छापलेलं खोटं कसं असेल? वत्सला सगळ्यांदेखत म्हणाली, "हाऊ शेवट मना नही शे. जयगावना भाऊना शे. त्यासना घर जाय!" शेवट माझा नाही, जळगावच्या भाऊंचा आहे, त्यांच्याच घरी जा, असं सुनावून तिने कडी लावली. हे तिनेच छापखान्यात येऊन मला हसत हसत सांगितलं. हसणं संपल्यावर म्हणाली, "दोन दिवस तो ओट्यावर बसून होता, भाऊ. दोन दिवस मी दार उघडलं नाही." मी माफी मागितली. "माफीचं राहू द्या," ती म्हणाली, "यापुढे शेवटचं पान मी स्वतः आणत जाईन."

आणि आणलं. बाकीची कथा टपालाने यायची, शेवटचं पान तिच्या पर्समध्ये. एसटीतून उतरून थेट छापखान्यात; खिळे जुळवणाऱ्या नामदेवच्या शेजारी स्टुलावर बसायची, प्रूफ वाचायची, सही करायची आणि मगच चहा. तिचे दोन कथासंग्रह निघाले, कौतुक झालं, तरी नेम मोडला नाही. मी गमतीने म्हणायचो, "ताई, अजून भरवसा नाही?" ती म्हणायची, "आहे ना. म्हणून तर बाकीची पानं टपालाने पाठवते."

या शेवटच्या कथेत नवरा अंथरुणाला खिळलाय, त्याचा निरोप आलाय आणि बाई पिशवी भरून बसस्टँडवर उभी आहे. शिरपूरची गाडी लागते... इथवर. भाचीने वह्या, पर्स, शाळेतलं कपाट, सगळं पाहिलं. पान नाही. कदाचित लिहिलंच नसेल. नामदेव म्हणाला, "भाऊ, दोन ओळी टाकी द्या ना तुम्हीच. कोणले कळनार शे?" खोटं कशाला सांगू, मी पेन उघडलं होतं. ओळी सुचल्याही, चांगल्या सुचल्या. त्याचीच भीती वाटली. कागद फाडला आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून मला रडू आलं.

अंक गेल्या आठवड्यात बाहेर पडला. तिच्या कथेखाली अर्धं पान कोरं आहे. पाचोऱ्याच्या एका वाचकाचं कार्ड आलंय : कथा अर्धीच छापलीत, एवढी मोठी चूक कशी झाली? त्यांना आज उत्तर लिहिलं. चूक पंधरा वर्षांपूर्वी झाली होती. या वेळी नाही केली.