खोडवाले चाचा आणि बंद झालेलं मॉडेल

खोडवाले चाचा बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे पाहत नसत, दातांकडे पाहत. नवा माणूस दोन मिनिटांत तोंड मिटून बसायचा. आम्हा वडनेरच्या लोकांना सवय होती. बैलांचे जबडे उघडून वय सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर माणसापाशी आली म्हणून लगेच कशी बदलणार? आमच्या हेडमास्तरांना त्यांनी एकदा भर चौकात सांगितलं होतं, "मास्तर, डाव्या दाढेचं काई तरी पाहा. तुम्ही एकाच अंगानं चावून राह्यले." मास्तर फार रागावले आणि पुढच्या आठवड्यात नांदुऱ्याला जाऊन दाढ काढून आले.

चाचा व्यापारी नव्हते. स्वतःची थोडी शेती होती, ती मुलं पाहत. पण गावात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी चाचांच्या ओट्यावर जायचं, हा रिवाज. हिंदू असो, मुसलमान असो, मोठा जमीनदार असो की दोन एकरवाला, चाचा सगळ्यांबरोबर त्याच मळकट टोपीत बाजाराला निघायचे. दलालीचा एक पैसा घेत नसत. चहा मात्र दोन वेळा लागायचा, आणि तोही बशीत ओतून.

त्यांचा एक नेम होता, त्यावरून त्यांना नाव पडलं. बैल पाहून झाला, चालवून झाला, की ते विकणाऱ्याचा हात धरून बैलाच्या पाठीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता खोड सांग." बैल मारका आहे का, जुंपल्यावर बसतो का, रात्री दावं तोडतो का, जे असेल ते. भाव त्यानंतर, तोही रुमालाखाली बोटांच्या खुणांनी. जनावराच्या अंगावर हात ठेवून खोटं बोलायला माणूस कचरतो, असा त्यांचा अनुभव. "ज्याले खोडच नाही असा बैल म्या पाह्यला नाई. खोड नाही म्हणते त्याच्यापासून घेऊ नोको. सांगते त्याच्यापासून घे." काही व्यापारी चाचा दिसले की बैल घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला सरकायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे सकाळी सौदा करायचा नाही. लोक पहाटे निघून बाजार गाठत आणि चाचा तिथे लिंबाखाली बसून राहत. घाई करणाऱ्याला म्हणत, "सकाळी सारेच बैल शहाणे असतात. दुपारी पाह्य." ऊन डोक्यावर आलं, जनावर धापा टाकायला लागलं, की चाचा धोतर झटकून उठत.

आमची शेवटची बैलजोडी त्यांनीच निवडून दिली होती आणि त्यांनीच विकून दिली. त्या वर्षी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचं नाव विसरा, असं कंपनीवाले सांगत होते. आम्ही विसरलो, अळी विसरली नाही. बाबांचे गुडघे गेले होते, मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होत होती, कडबा परवडत नव्हता. बैल गेले त्या दिवशी बाबा गोठ्याकडे फिरकले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी आलेली रक्कम माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "शेतात टाकून काई फायदा नाही. तुया धंद्यात टाक."

माझा धंदा फोटोचा. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. आणि त्या हंगामात भरपाईच्या अर्जांसाठी कपाशीच्या नुकसानीचे फोटो. शेतकरी बोंड फोडून तळहातावर धरायचे आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अळीऐवजी तळहाताच्या रेषा स्वच्छ यायच्या. मला एक मोठा कॅमेरा हवा होता. कुठला, तेही ठरलेलं होतं. कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं, पण जिल्ह्यातले सगळे फोटोग्राफर त्याचं नाव देवासारखं घेत. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांतही नवरीचा चेहरा नवरीसारखाच यायचा, हळकुंडासारखा नाही. आणि खामगावात एक जण तो विकत होता! नव्यात कधी झेपला नसता, जुन्यातही बैलांचे सगळे पैसे जाणार होते. बंद झालेली वस्तू, उद्या बिघडली तर काय, हे मनात यायचं. पण मी तो विचार दुसऱ्या कुशीवर वळवून झोपवायचो. महिनाभर असंच चाललं. बायकोने शेवटी कंटाळून विचारलं, "घेता का सोडता?"

बाबा एवढंच म्हणाले, "चाचाले संग ने."

मला हसू आलं आणि मग रागही आला. कॅमेरा पाहायला बैलाचा पारखी! पण बाबांपुढे बोलायची सोय नव्हती. चाचांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या दातांकडे पाहत विचारलं, "किती वर्साचा हाये?"

"चार, चाचा."

"काम काय केलं त्यानं?"

"लग्नं."

"मंग ऊन लागलं असंन," चाचा म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

खामगावला गजूच्या स्टुडिओत आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. कॅमेरा विकणारा हा गजू माझ्याच वयाचा, संग्रामपूरकडच्या शेतकरी घरातला, बोलायला गोड. कॅमेरा त्याने मखमली कापडात गुंडाळून ठेवला होता. मी भिंग उजेडात धरून पाहिलं, बुरशी नाही. किती फोटो निघालेत तो आकडा पाहिला, बेताचा. दहावीस फोटो काढले. गजूच्या काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या गुलाबालासुद्धा त्या कॅमेऱ्यात सुगंध आल्यासारखा वाटला. माझा हात खिशाकडे गेला.

"थांब," चाचा म्हणाले. "बारा वाजू दे."

"चाचा, हा बैल आहे का?"

"काऊन बे, याले ऊन लागत नाही का?"

गजू हसला, पण त्याचं हसू जरा लवकर संपलं. चाचांनी चहा मागवला, बशीत ओतला, गजूच्या बापाचं नाव विचारलं. "तुया बापानं बाजारातून जोडी नेलती माह्याच हातानं," म्हणाले, "एका बैलाच्या कपायावर पांढरा टिया होता." गजू म्हणाला, "हो चाचा, लय वर्सं होता तो आमच्या घरी." मग तो काउंटर पुसत बसला. मी मात्र घड्याळाकडे पाहत चाचांवर मनातल्या मनात चिडत होतो. असा म्हातारा सोबत आणला की सौदा हातचा जायचाच, असं वाटत होतं.

बारा वाजले. बाहेर वैशाखाचं ऊन डांबर वितळवत होतं. चाचा उठले, कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, "चाला, गच्चीवर. चालवून पाहू."

गजू जागचा हलला नाही. म्हणाला, "वर लय तापते, चाचा. इथंच पाहा ना."

चाचांनी कॅमेरा पुन्हा काउंटरवर ठेवला. गजूचा हात धरून त्यावर ठेवला. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "तू शेतकऱ्याचा पोरगा. खोड सांग."

मला वाटलं, गजू हसेल किंवा चिडेल. पण खाली पाहत तो म्हणाला, "तापला का बंद पडते, चाचा. अर्ध्या घंट्यात. मंग गार होयेपर्यंत काई केल्या चालू होत नाही. मागल्या उन्हायात एका लग्नात ऐन हार घालाच्या टायमाले बंद पडला. हाराचा एक फोटो नाही आला. पोरीचा बाप माह्या दुकानात येऊन रडला."

आता मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "चालेल. मी सावलीत वापरीन."

"लग्न काय सावली पाहून लागतात बे?" चाचा एवढंच म्हणाले. पण मला अडवलं ते गजूने. कॅमेरा कापडात गुंडाळत तो म्हणाला, "नोको घेऊ भाऊ. तीन ठिकाणी दाखवला. कंपनीनं बंद केला, पार्ट येत नाही. मले वाटलं होतं, लागला कोणाले तर लागला. पण आता तुले देणं होत नाही माह्याच्यानं."

चाचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जेवल्याशिवाय त्याने आम्हाला सोडलं नाही. पुढे गजू आणि मी चांगले दोस्त झालो. लग्नसराईत एकमेकांना अडीनडीला धावतो. पण त्या दिवशी एसटीत बसलो तेव्हा मला अगदी रडू येत होतं. महिनाभर मनात वागवलेली वस्तू हातातून गेली होती. नांदुरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आणि मग कधी तरी, कुठल्याशा फाट्यावर, माझ्या लक्षात आलं की पैशांच्या खिशावर सकाळपासून दाबून धरलेला हात मी मोकळा सोडला आहे. मी चाचांना म्हणालो, "बरं झालं."

चाचांनी टोपी काढून घाम पुसला. "पोरा, मले त्यातलं काईच समजत नाही. सकायपासून मले भेव वाटून राह्यलं होतं. बैल म्याच निवडले, म्याच इकले. त्याईचे पैसे मातीत गेले असते, तं तुया बापाले म्या काय तोंड दाखवलं असतं?"

इतकी वर्षं बाजारात ताठ बसणाऱ्या माणसाला इतकं भ्यायलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एसटीत वाकायला जागा नव्हती म्हणून गुडघ्याला हात लावला.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. "नाही घेतला," मी म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले. आईने मला आत बोलावून हळूच सांगितलं, आठ दिवस त्यांचं जेवणात लक्षच नव्हतं. तुझ्या मनाला लागेल म्हणून बोलले नाहीत.

चाचा पुढे लेकीकडे बीबी गावी राहायला गेले आणि तिथेच वारले. बैलबाजारही तोवर ओसरला होता. जाऊन बसायचे तरी कुठे? मला मातीला पोचता आलं नाही, त्याची बोच अजून आहे. पण त्यांची आठवण आली की डोळ्यांपुढे येते ती दोन महिन्यांनंतरची एक दुपार. मी नवा कॅमेरा घेतला होता. बैलांच्याच पैशांतून, साधा, दुकानातून, पावती आणि दोन वर्षांच्या गॅरंटीसह. तो घेऊन आधी चाचांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, भिंगात डोकावले.

"खोड विचारा ना चाचा," मी चेष्टेने म्हणालो.

"नव्याले काय खोड? आता जे लागंन, ते तुयापासून लागंन."

मी हसलो. चाचा हसले नाहीत. दोन्ही हातांनी कॅमेरा माझ्याकडे परत देत म्हणाले, "सांभाय. अन् घरी जाऊन बापाले सांग, बैल कामी आले."