बंद कॉकवर धावलेला ट्रक

मी गॅरेजमध्ये वाढलेली बाई आहे. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते हातात पाना घेऊन शोधलं की सापडतं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. आमच्याकडे काम टाकून चहा पीत बसलेले ड्रायव्हर मुंजाच्या, हडळीच्या गोष्टी रंगवून सांगायचे. मी मनात म्हणायचे, झोप झाली नसेल यांची... आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण एक प्रसंग असा आहे की जिथे पाना चालत नाही. तो माझ्यासमोर घडलाय, म्हणून लिहिते.

साल १९८९-९०च्या आसपासचं. धुळ्यात पारोळा रोडला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. आम्ही दोघी बहिणी. थोरली लग्न होऊन गेली आणि मी पान्यांत रमले. आबांचे हात त्या काळात थरथरायला लागले होते. नटबोल्ट जमायचे, पण बारीक पाईपचं काम जमेना. ते माझ्याकडे आलं.

भडगावकडचे एक नाना आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे गोल नाकाचा, जुना परदेशी पेट्रोल ट्रक होता. त्यावर त्यांनी आयुष्यभर कापूस वाहिला, केळी वाहिली. पण पेट्रोल परवडेना. सगळे म्हणाले, भंगारात द्या. नाना ट्रक घेऊन आमच्या दारात आले आणि अहिराणीत म्हणाले, "आबा, येले डिझेल इंजिन बसाडा. भंगारमा नही देवाव मी."

आबांनी एका नव्या मॉडेलच्या अपघातातल्या गाडीचं इंजिन मिळवलं. ते चासीवर बसवणं हा ताकदीचा भाग होता. खरी गंमत पुढे होती — तेलाची लाईन.

पेट्रोल गाडीला टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत एकच पाईप असतो, संपला विषय. डिझेलचं तसं नाही. टाकीतून फीड पंप, तिथून फिल्टर, तिथून मोठा पंप, आणि उरलेलं डिझेल परत टाकीत न्यायला वेगळा रिटर्न पाईप. या ट्रकच्या टाकीला रिटर्नचं भोकच नव्हतं. मी टाकी उतरवली, आत खडी आणि साखळी घालून खळखळ हलवून गंज काढला, धुऊन वाळवली. वरच्या बाजूला रिटर्नसाठी नवं तोंड बसवून घेतलं. तांब्याचे पाईप वाळू भरून वाकवले, म्हणजे वळणावर चेपत नाहीत. सायलेन्सरपासून लांब, चासीला घासणार नाही असे क्लॅम्प मारत नेले. डिझेलच्या लाईनला सुईएवढी फट राहिली तरी ती हवा ओढते आणि इंजिन गपकन बसतं. त्यामुळे प्रत्येक जॉइंट मी दोन-दोनदा बघितला.

टाकीच्या खाली तेल बंद-चालू करायचा जुना पितळी कॉक होता. मी काढायला घेतला तर नाना पुढे आले.

"तो कॉक राहू दे, पोरी. मना हातना शे तो."

पेट्रोलच्या काळात गाडी उभी केली की कॉक बंद करायचा, ही त्यांची सवय. मी तो उघडून साफ केला, घासून बसवला आणि लाईनमध्ये ठेवला. लाईनमधली एअर, म्हणजे हवा काढली, स्टार्टर मारला... आणि ते नवं इंजिन त्या जुन्या नाकामागे धडधडायला लागलं. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! आबांनी सगळ्या जॉइंटांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी पाहिलं तर कागद कोरडा. आबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

ट्रक न्यायला नाना आणि त्यांची बायको, अक्का, दोघं आले होते. अक्कांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. रस्त्यात काही कुरकुर झाली तर म्हणून आबांनी मला सोबत पाठवलं. ट्रायल मारायला मी मोठ्या गाड्या चालवत असे, पण त्या दिवशी स्टिअरिंग नानांकडेच होतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, गाडी लोण्यासारखी चालली होती. एरंडोल सोडून भडगावच्या रस्त्याला लागल्यावर एका विहिरीपाशी भाकरी खायला थांबलो. ऊन चांगलं चढलं होतं. मी हातपाय धुवायला गेले. परत आले तर नाना झाडाखाली बसलेले, घामाने निथळत, आणि अक्का त्यांना पदराने वारा घालत होत्या.

"काय झालं, नाना?"

"छातीवर कोनी बसेल शे, आसं वाटस..." एवढंच बोलले आणि त्यांची शुद्ध हरपली.

अक्का माझ्याकडे वळल्या. "माय, गाडी हाकता येस ना तुले?"

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून नानांना कसंबसं केबिनमध्ये चढवलं. मी स्टार्टर मारला, गाडी लागली, आणि वळवून उलट एरंडोल गाठलं. एका दवाखान्यासमोर इंजिन चालू ठेवूनच डॉक्टरांना हाका मारल्या. नवं इंजिन, बंद केलं आणि लागलंच नाही तर? डॉक्टर केबिनमध्ये चढले, नाडी बघितली, इंजेक्शन दिलं.

"इथे वेळ घालवू नका. थेट जळगाव. गाडी बंद करू नका."

तिथून जळगावपर्यंत हायवेला मी तो ट्रक कसा पळवला ते आठवलं की अजून हात गरम होतात. चढ आले, रेल्वेचं गेट आलं, बैलगाड्या आल्या... इंजिनने एकदाही दम सोडला नाही. शेजारी अक्का नानांचं डोकं मांडीवर घेऊन देवीचं नाव पुटपुटत होत्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात मी इंजिन बंद करायची स्टॉपची वायर ओढली, तेव्हा नाना शुद्धीत होते. लोकांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं.

थोड्या वेळाने वॉचमन आला — ट्रक दारातून काढा. मी स्टार्टर मारला, गाडी लागली, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेली आणि गचके खात बंद पडली. मला वाटलं हवा धरली. माझ्या जॉइंटने? मला फार लागलं ते! खाली उतरून एअर काढायला गेले. फीड पंपावरचा हँडपंप मारते तर डिझेलच येईना. लाईन चाचपत चाचपत टाकीपर्यंत गेले...

कॉक बंद होता. अर्धवट नाही, पुरता बंद.

पहिलं मनात आलं ते हेच की आपण आत असताना कुणीतरी चाळा केला. कॉक उघडला, हवा काढली, गाडी पहिल्या झटक्यात लागली. मी तो विषय सोडून दिला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नाना उठून बसले. मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, कॉक कवय उघाडा तू?"

"कधी म्हणजे? कुठला कॉक, नाना?"

"विहीरजोडे मी बंद कया व्हता ना. सवय शे मनी."

 मी अक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी सोता देखं. कॉक बंद करीसनच त्या झाडखाले बसनात."

म्हणजे विहिरीपासून एरंडोल, आणि एरंडोलपासून जळगाव... बंद कॉकवर.

धुळ्याला आल्यावर मी आबांना सांगितलं. ते हसले नाहीत. नाना बरे झाल्यावर ट्रक गॅरेजला आला, तेव्हा आम्ही कॉक बंद करून इंजिन चालवून पाहिलं. फिल्टरमध्ये आणि पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी आमच्या गल्लीतून हायवेला लागेपर्यंत गेली आणि बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कॉक बंद असताना झिरपतो का, म्हणून पुढचा पाईप सोडून खाली डबा ठेवला. थेंब नाही. शेजारचा एक मेकॅनिक म्हणाला, रिटर्नमधून उलटं ओढलं असेल. पण रिटर्नचं तोंड मी टाकीच्या वरच्या अंगाला, डिझेलच्या वर ठेवलेलं. तिथून ओढली असती तर हवाच ओढली असती. आणि गंमत म्हणजे जळगावला डिझेल येईना तेव्हा मी टाकीत काठी घालून पाहिलं होतं, तर डिझेल जेवढं कमी व्हायला हवं तेवढं कमी झालेलं होतं! मग ते गेलं कुठून?

अक्कांचा हिशेब सरळ. "देवीनीच हाकी गाडी." नाना म्हणायचे, आपण ट्रकला भंगारात दिलं नाही, त्याने आपल्याला दिलं नाही. मी यातलं काहीच म्हणू शकत नाही. माझ्याकडे एक बंद कॉक आहे, दोन साक्षीदार आहेत, आणि मधला सगळा रस्ता आहे. त्या रस्त्याचं स्पष्टीकरण मला आजपर्यंत मिळालेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, पण आम्ही काय काय तपासलं ते आधी नीट वाचा.

पुढे नानांनी तो ट्रक कितीतरी हंगाम चालवला. ट्रक कामाला आमच्याकडे आला की लांबलांबचे ड्रायव्हर तो "भुताचा ट्रक" बघायला गॅरेजला यायचे. आबा त्यांना जवळ बोलवायचे. बॉनेट उघडायचे, थरथरतं बोट फिल्टरपासून मागे टाकीपर्यंत लाईनवरून सावकाश फिरवायचे, आणि मग मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचे, "भूतबीत माले माहीत नही. पन ह्या बठ्ठा पाईप मनी पोरनी टाकात."